दलाली आणि शुल्क : उत्तरवयीन विवाहाच्या तीन नाट्यरूपांतील मध्यस्थ

सारांश

उतारवयात जोडीदार शोधणारी व्यक्ती आणि मोबदला घेऊन तो शोध करून देणारा मध्यस्थ ही जोडी रंगभूमीला जुनी आहे. मोलिएरचे 'लाव्हार' (१६६८), गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' (१८९९) आणि थॉर्नटन वाइल्डरचे 'द मॅचमेकर' (१९५४) या तीन नाटकांतील मध्यस्थाच्या व्यक्तिरेखेचा तौलनिक विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. 'शारदा'तील उपहासाचे खरे लक्ष्य वृद्धाचे वय हे नसून मुलीच्या संमतीवाचून झालेला तिचा सौदा हे आहे. परंतु मराठी अभिरुचीने तो उपहास प्रामुख्याने वयावर स्थिर केला, असे येथील प्रतिपादन आहे. आजच्या ज्येष्ठांच्या सशुल्क विवाहसूचक व्यवस्थेकडे पाहण्याच्या दृष्टीवर याचा जो परिणाम झाला आहे, त्याचीही चर्चा शेवटी केली आहे.

बीजसंज्ञा : जरठ-कुमारी विवाह, मध्यस्थ, कन्याविक्रय, विधवाविवाह, उत्तरवयीन सहजीवन, संमती.

१. प्रास्ताविक

'संगीत शारदा' शिकवताना वर्गात हमखास हशा पिकतो तो भुजंगनाथाच्या वयावर. पंचाहत्तरीच्या घरातला हा विधुर नवरदेव व्हायला निघतो, ही कल्पनाच विद्यार्थ्यांना पुरेशी विनोदी वाटते. एका वर्षी मात्र एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, याला लग्नच करायचे होते तर याच्या वयाची बाई का नाही पाहिली?" प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर नाटकाच्या संहितेत सहज सापडत नाही, आणि नाटकावरील रूढ समीक्षेतही तो क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधाची प्रेरणा त्या प्रश्नात आहे.

'शारदा' हे मराठीतील पहिले स्वतंत्र सामाजिक संगीत नाटक म्हणून ओळखले जाते. जरठ-कुमारी विवाहाची अनिष्ट प्रथा हा त्याचा विषय, आणि त्या प्रथेवरील प्रहार हे त्याचे ऐतिहासिक कार्य. या दोन्ही गोष्टी निर्विवाद आहेत. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'सारडा कायदा' हे नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडले असतानाही आपल्याकडे अनेकांनी त्याचा संबंध देवलांच्या नाटकाशी जोडला. हा गैरसमज चुकीचा असला तरी बोलका आहे. नाटकाने लोकमानसात केवढी जागा व्यापली होती, हे त्यावरून कळते. पण एखादी कलाकृती लोकमानसात जाऊन बसते, तेव्हा तिच्यातील नेमके काय जाऊन बसते, हाही समीक्षेचा विषय असला पाहिजे. 'शारदा'च्या बाबतीत वृद्धाच्या विवाहेच्छेविषयीचे हसू मागे राहिले. त्या इच्छेभोवतीचा व्यवहार मात्र विस्मृतीत गेला. या व्यवहाराच्या केंद्रस्थानी असलेली व्यक्ती म्हणजे मध्यस्थ. म्हणून येथे नायक-नायिकेऐवजी मध्यस्थालाच विवेचनाच्या मध्यभागी ठेवले आहे.

तौलनिक विचारासाठी निवडलेल्या अन्य दोन नाटकांचा 'शारदा'शी उगमसंबंध आहे, असा दावा येथे नाही. देवलांचा मोलिएरशी परोक्ष परिचय 'संशयकल्लोळ'च्या निमित्ताने सर्वश्रुत आहे. वाइल्डरने तर आपल्या नाटकात 'लाव्हार'मधील एक प्रवेश उघडपणे वापरला आहे. तथापि प्रभावाचा शोध हा येथे हेतू नसून एकाच नाट्यस्थितीची तीन समाजांतील तीन रूपे शेजारी ठेवून पाहणे एवढाच आहे.

२. फ्रोझीन : न मिळालेला मोबदला

'लाव्हार' मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित नाही. आचार्य अत्रे यांचे 'कवडीचुंबक' त्यावरच बेतलेले आहे. साठी ओलांडलेला आर्पागाँ हा कंजूष विधुर मारियान या गरीब तरुणीशी लग्न करू पाहतो. तिच्यावर त्याच्या मुलाचेच प्रेम आहे, हे त्याला ठाऊक नाही. हे लग्न जुळवण्याचे काम फ्रोझीन या मध्यस्थ स्त्रीने अंगावर घेतले आहे.

दुसऱ्या अंकातील आर्पागाँ-फ्रोझीन प्रवेश हा मध्यस्थाच्या कलेचा वस्तुपाठच मानावा लागेल. फ्रोझीन प्रथम त्याच्या प्रकृतीची तारीफ करते, हाताच्या रेषा पाहून शंभरीपलीकडचे आयुष्य बहाल करते. मग मारियानला तरुणांचा तिटकारा असून तिला म्हातारे पुरुषच आवडतात, तिच्या खोलीत पौराणिक वृद्धांची चित्रे लावलेली आहेत, असे बेधडक सांगते. हुंड्याचा प्रश्न निघताच ती एक अजब हिशेब मांडते. मुलगी साधे जेवते, दागिने-कपड्यांचा सोस तिला नाही, ती जुगार खेळत नाही. अर्थात न होणाऱ्या या खर्चाची बेरीज हाच तिचा वार्षिक हुंडा. आर्पागाँला हा हिशेब पटत नाही, कारण हातात पडणारे त्यात काहीच नाही. मात्र शेवटी फ्रोझीन स्वतःच्या कोर्टकज्ज्यासाठी थोड्या पैशांची याचना करते, तेव्हा त्याची मुद्रा पालटते आणि तो एक कवडीही न देता निघून जातो.

या प्रवेशातील विनोद वयावर उभा आहे असे वरवर वाटते. पण त्याची रचना पाहता तो दोन हिशेबांच्या टकरीवर उभा आहे. मध्यस्थ खोट्या शब्दांचे दाम मागते. ग्राहक शब्द घेतो आणि दाम नाकारतो. पुढे फ्रोझीन तरुण प्रेमिकांच्या बाजूला वळते आणि एखाद्या खोट्या श्रीमंत सरदारणीचे सोंग उभे करून म्हाताऱ्याचे लक्ष दुसरीकडे वळवावे, अशी युक्ती सुचवते. निष्ठा विकत घेता येते, पण आर्पागाँने ती विकतही घेतलेली नाही. मारियानच्या वाट्याला येऊ घातलेल्या अन्यायाची जाणीव मोलिएरला आहे. तरी नाटकाचा भर लोभावर आहे. म्हातारा हास्यास्पद ठरतो तो कंजूष म्हणून. अखेर पैशांची पेटी परत मिळताच तो मुलीवरचा हक्क सोडून देतो.

३. भद्रेश्वर दीक्षित : दुहेरी सौदा

देवलांच्या नाटकात सारा व्यवहार अधिक गंभीर होतो. भुजंगनाथ, कांचनभट आणि भद्रेश्वर या तिघांची नावेच पुरेशी सूचक आहेत. संस्कृत वाङ्मयात 'भुजंग' या शब्दाला विलासी पुरुष असाही अर्थ आहे. कांचनभटाच्या नावात सोने आहे. आणि मंगलाचा स्वामी असे नाव धारण करणारा भद्रेश्वर अमंगलाचा व्यापार करतो. श्रीमंत वृद्ध, लोभी पिता आणि त्यांना एकत्र आणणारा दलाल अशी ही साखळी आहे.

येथे दोन स्वतंत्र आर्थिक व्यवहार एकाच वेळी होतात, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. एक व्यवहार पित्याचा : मुलीच्या बदल्यात धन. यालाच धर्मशास्त्राच्या आणि सुधारकांच्या परिभाषेत कन्याविक्रय म्हणतात. दुसरा व्यवहार दलालाचा : सौदा जुळवून दिल्याबद्दल लाभ. पहिल्यात व्यक्तीची किंमत ठरते, दुसऱ्यात सेवेची. फ्रोझीनच्या बाबतीत केवळ दुसराच व्यवहार होता आणि तोही फसला. भद्रेश्वराच्या बाबतीत दुसरा व्यवहार पहिल्यावर पोसला जातो; मुलीची किंमत ठरली तरच दलालाला काही मिळते. म्हणून भद्रेश्वराची खुशामत फ्रोझीनच्या खुशामतीहून घातक आहे. फ्रोझीनच्या खोटेपणाने आर्पागाँ फसतो. भद्रेश्वराच्या खोटेपणाने भुजंगनाथ सुखावतो आणि फसते ती शारदा, जी त्या संवादात हजरच नाही.

शारदेचे मन जाणणारी माणसे नाटकात आहेत. तिच्या मैत्रिणी आहेत, आई इंदिराकाकू आहे, आणि या विवाहाला प्राणपणाने विरोध करणारा कोदंड आहे. परंतु व्यवहारात निर्णायक असा शब्द यांपैकी कोणाकडेच नाही. नाटकाच्या परिणतीकडे पाहिले असता ही बाब अधिक ठळक होते. भुजंगनाथाचे लग्न मोडते ते वर-वधू सगोत्र असल्याचे उघडकीस येते म्हणून. वराचे वय किंवा वधूची असंमती या कारणांनी ते मोडत नाही. शारदेच्या पुढील विवाहाला मान्यता मिळते तीही धर्मपीठाच्या अनुज्ञेने. मधल्या काळात शारदा जीव द्यायला निघते. तिच्या नकाराचे तेवढेच एक कृतिरूप नाटकात आढळते. देवलांनी सनातनी प्रेक्षकाला त्याच्याच शास्त्राच्या आधारे निरुत्तर केले, हे त्यांचे नाट्यचातुर्य मान्य केलेच पाहिजे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते, हे ध्यानात घेता दुसरा मार्ग कठीण होता. तथापि त्याची किंमतही नोंदवली पाहिजे. 'मुलगी नको म्हणते' हे कारण रंगभूमीवर पुरेसे ठरले नाही. ते पुरेसे ठरले असते तर प्रेक्षकाचे लक्ष संमतीवर खिळले असते. ते ठरले नाही म्हणून लक्ष राहिले ते पिकल्या केसांवर आणि बोळक्या तोंडावर.

४. अनुपस्थित विधवा

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळता येईल. भुजंगनाथाने समवयस्क स्त्री का पाहिली नाही? याचे उत्तर त्याच्या स्वभावापेक्षा समाजरचनेत अधिक आहे. ज्या वर्णाचे चित्र नाटकात आहे, त्यात मुलीचे लग्न ऋतुप्राप्तीपूर्वी होत असे आणि विधवेला पुनर्विवाह निषिद्ध होता. परिणामी प्रौढ वयाची, विवाहयोग्य मानली जाणारी स्त्री त्या समाजात जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. पुरुष कितव्याही वर्षी विधुर होवो, त्याच्यासाठी वधू म्हणून समोर येणार ती अल्पवयीन कुमारिकाच. म्हणजेच उत्तरवयीन विवाह आणि बालविवाह या आज आपल्याला भिन्न वाटणाऱ्या दोन घटना त्या रचनेत एकच होत्या. १८७३ मध्ये विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांना पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह करावा लागला. ही घटना कोणा एकाच्या दौर्बल्यापेक्षा त्या रचनेच्या ताकदीची साक्ष आहे.

ही रचना सार्वत्रिक नव्हती, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील अनेक जातींत 'पाट' किंवा 'मोहतूर' या नावाने विधवेचा पुनर्विवाह रूढ होता. त्याला लग्नाइतकी प्रतिष्ठा नव्हती, पण मार्ग खुला होता. उच्चवर्णीयांत १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने तो कागदोपत्री खुला केला. मात्र पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने संपुष्टात आणला. १८९३ मध्ये विधुर धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा गोदूबाईंशी विवाह केला आणि त्यासाठी मुरूडमध्ये बहिष्कार सोसला. म्हणजे 'शारदा' रंगमंचावर येण्याच्या सहा वर्षे आधी त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष जीवनात दिले गेले होते. नाटकाच्या कथानकात मात्र या पर्यायाला स्थान मिळाले नाही. भुजंगनाथाच्या विवाहेच्छेला पर्यायच नाही, अशी योजना असल्यामुळे ती इच्छा आणि तिच्यातून होणारा अन्याय यांची फारकत करणे प्रेक्षकाला शक्य झाले नाही.

भाषेनेही या बाबतीत पक्षपात केला आहे. 'बिजवर' हा शब्द मराठीत स्वाभाविकपणे वावरतो. मुलगी 'दुसरेपणावर दिली' असेही सहज म्हटले जाते. या शब्दप्रयोगांत पुरुषाचे दुसरे लग्न ही एक सामाजिक श्रेणी आहे, कमी प्रतीची पण मान्य. म्हाताऱ्याच्या इच्छेसाठी 'म्हातारचळ' हा खास शब्द आहे, आणि त्यात उपहास आहे. उतारवयातील स्त्रीच्या सहवासाच्या इच्छेसाठी मात्र सभ्य मराठीत प्रचलित शब्दच आढळत नाही. पुरुषाच्या इच्छेला हसण्यापुरती तरी जागा मिळाली. स्त्रीच्या इच्छेला तेवढीही मिळाली नाही.

५. डॉली : मध्यस्थच वधू

वाइल्डरच्या नाटकाचा प्रवास रंजक आहे. जॉन ऑक्सनफर्डची १८३५ मधील एक इंग्रजी प्रहसनवजा एकांकिका, तिच्यावरून योहान नेस्ट्रॉयने १८४२ मध्ये व्हिएन्नात रचलेले नाटक, आणि त्यावरून वाइल्डरचे 'द मर्चंट ऑफ यॉन्कर्स' (१९३८) अशी ही परंपरा आहे. हे नाटक अपयशी ठरले. वाइल्डरने ते सुधारून १९५४ मध्ये एडिंबरो महोत्सवात 'द मॅचमेकर' या नावाने आणले आणि ते कमालीचे गाजले. १९६४ ची 'हॅलो, डॉली!' ही संगीतिका त्यावरच बेतली आहे. पूर्वसंहितांत नसलेली डॉली लीव्हाय ही मध्यस्थ स्त्री वाइल्डरने घातली, आणि तिच्यासाठी आधार घेतला तो मोलिएरच्या फ्रोझीनचा.

काळ एकोणिसाव्या शतकातील ऐंशीच्या दशकाचा, म्हणजे जवळजवळ भुजंगनाथाचाच. साठ वर्षांचा विधुर व्यापारी होरेस व्हँडरगेल्डर दुसऱ्या लग्नाच्या विचारात आहे आणि त्यासाठी त्याने डॉलीची सेवा घेतली आहे. लग्न का करायचे याचे त्याने दिलेले कारण अभ्यसनीय आहे. घर नीट चालायला हवे. पगारी नोकर मन लावून काम करीत नाहीत. स्वतःला घराची मालकीण समजणारी बाईच ते करील. थोडक्यात, पत्नी म्हणजे बिनपगारी आणि म्हणून अधिक कष्टाळू अशी घरकामाची व्यवस्था. या स्वगतात आर्पागाँचा हिशेबी बाणा आहे, पण वाइल्डरचा उपहास वयावर नसून या समजुतीवर आहे, हे स्पष्ट जाणवते.

डॉली ही स्वतः विधवा आहे. पती एफ्राइम लीव्हाय यांच्या निधनानंतर ती अनेक किरकोळ उद्योग करून पोट भरते. स्थळे जुळवणे हा त्यांपैकीच एक. फ्रोझीनप्रमाणे तीही ग्राहकासमोर एक काल्पनिक तरुणी उभी करते, तिच्या काटकसरीचे आणि प्रौढ पुरुषांविषयीच्या तिच्या ओढीचे रसभरीत वर्णन करते. मोलिएरकडे सोंगाची कल्पना नुसतीच सुचवली जाते. वाइल्डरकडे ती कथानकाचा कणा होते. हॉटेलातील जेवणाच्या प्रसंगी ही कल्पित तरुणी अदृश्य होते आणि टेबलासमोर उरते ती डॉली. 'मी तुमच्याशी लग्न करणार नाही' असे ती पुनःपुन्हा बजावत राहते आणि त्याच बजावण्यातून त्याच्या मनात ती कल्पना रुजवते.

परंतु नाटकाचे मर्म या चातुर्यात नाही. चौथ्या अंकात डॉली प्रेक्षकांना आणि दिवंगत पतीला उद्देशून बोलते. पतीच्या मृत्यूनंतर आपण संध्याकाळी दार लावून घेत होतो, मांजराच्या सोबतीने राहत होतो, आणि कोणाच्या अध्यात-मध्यात नसल्याबद्दल देवाचे आभार मानत होतो, असे ती सांगते. एके रात्री बायबलमधून ओकचे एक वाळलेले पान खाली पडते. पतीने मागणी घातली त्या दिवशी तिने ते तेथे ठेवलेले असते. त्याचा रंग गेला आहे, पण आकार शाबूत आहे. आपणही तसेच झालो आहोत, हे तिला त्या क्षणी जाणवते आणि माणसांत परत यायचे ती ठरवते. व्हँडरगेल्डरचा पैसा आपल्याला हवा आहे, हे ती लपवत नाही. पण तो साठवण्यासाठी नव्हे. पैसा खतासारखा पसरला तरच उपयोगाचा, हा पतीचा विचार ती पुढे चालवू पाहते. नाटकाच्या अखेरीस तरुणांचे मार्ग मोकळे होतात ते याच बदललेल्या पैशामुळे.

देवलांच्या नाटकात जिला जागा नव्हती, ती विधवा येथे केवळ उपस्थित नाही, तर सूत्रधार आहे. तिला इच्छा आहे, व्यवसाय आहे आणि नकाराचा अधिकारही आहे. याच कारणाने वृद्ध वराचे वय येथे टिंगलीचा विषय उरत नाही. साठीचा पुरुष आणि 'अनिश्चित वयाची' स्त्री यांचे लग्न हा शोकान्त नाही, अपराध नाही आणि थट्टाही नाही. अर्थात वाइल्डरची सुखान्तिका निर्दोष आहे असे नाही. व्हँडरगेल्डरचा होकार बऱ्याच अंशी बनवाबनवीतून आला आहे. पत्नी म्हणजे घरकामाची सोय या त्याच्या कल्पनेला डॉली जो शह देते, तो व्यक्तिगत चातुर्याच्या बळावर. डॉलीइतकी चतुर नसलेल्या स्त्रीचे काय झाले असते, या प्रश्नाला सुखान्तिका सोयीस्कर बगल देते.

६. वर्तमान : नोंदणी-अर्जाची संहिता

या तीन नाटकांचा विचार केवळ वाङ्मयेतिहास म्हणून पुरेसा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती आणि त्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक होत्या. या वयोगटातील वैधव्याचे प्रमाण विधुरतेच्या मानाने कितीतरी जास्त असते. विवाहसूचक केंद्रांनी आता पुनर्विवाहेच्छू ज्येष्ठांसाठी स्वतंत्र नोंदणी, मेळावे आणि समुपदेशन सुरू केले आहे. पुण्यात २०१२ पासून ज्येष्ठांच्या विवाहाविना सहजीवनासाठीही मंडळ उभे राहिले. भद्रेश्वराची जागा आता छापील अर्ज, पावती आणि ठराविक शुल्काने घेतली आहे.

हे स्थित्यंतर स्वागतार्ह आहे. शुल्क दोन्ही पक्ष भरतात. ते ओळख करून देण्याचे असते, व्यक्तीचे नसते. दलाली आणि शुल्क यांतील हा भेद मूलभूत आहे. 'पैसे देऊन प्रेम शोधायचे?' असा जो नाक मुरडणारा प्रश्न सुशिक्षितांतही ऐकू येतो, तो हा भेद न केल्यामुळे. तरुणांच्या विवाहासाठी तेच केंद्र, तोच अर्ज आणि तेच शुल्क आपल्याला खटकत नाही. ते खटकते केवळ अर्जातील जन्मसाल पाहून. म्हणजे आपल्या मनातला आक्षेप पैशाला नसून वयाला आहे. हे भुजंगनाथाचे हसू आहे. मात्र आता ते अशा माणसावर पडते आहे, ज्याने कोणाचीही मुलगी विकत मागितलेली नाही. निवृत्त सहकारी नोंदणी करताना आपल्या मुलांपासून आणि आपल्यापासूनही ती लपवतो, तेव्हा त्या लपवण्यात आपल्या वर्गांतील हशाचाही काही वाटा असतो, हे आपण प्राध्यापकांनी ओळखले पाहिजे.

परंतु उपहास चुकीच्या जागी आहे एवढ्यावरून सारे आलबेल आहे, असा निष्कर्ष काढता येणार नाही. नोंदणी-अर्जाकडे एक संहिता म्हणून पाहिले तर त्यातील 'अपेक्षा' हा रकाना सर्वांत बोलका ठरतो. पुरुषांच्या अपेक्षांत 'घरगुती', 'प्रेमळ', 'सांभाळून घेणारी' अशी विशेषणे येतात, तेव्हा व्हँडरगेल्डरचे स्वगत आठवल्यावाचून राहत नाही. अडुसष्ट वर्षांच्या पुरुषाला अठ्ठावन्न वर्षांची पत्नी हवी असते, ती कित्येकदा पुढील आजारपणाची तरतूद म्हणून. सौदा आता बालिकेचा उरलेला नाही. शुश्रूषेचा होऊ शकतो. 'शारदा'ची टीका आज लागू पडते ती येथे : स्त्रीच्या सेवेची किंमत तिला न विचारता गृहीत धरण्यावर.

आर्थिक बाजूही नाटकांइतकीच गुंतागुंतीची आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार (१९५६) मृत्युपत्र नसल्यास पत्नी ही मुलांबरोबरीने वारस ठरते. त्यामुळे वडिलांच्या विवाहाला मुलांचा विरोध पुष्कळदा भावनेच्या भाषेत, पण वाटणीच्या चिंतेतून होतो. आर्पागाँच्या घरात बाप आणि मुलगा एका मुलीसाठी भांडत होते. आताच्या घरात ते सदनिकेवरून भांडतात. स्त्रीच्या बाजूने पाहिले तर विधवेचे कुटुंबनिवृत्तिवेतन सामान्यतः पुनर्विवाहानंतर थांबते. तपशील वेगळा असला तरी १८५६ च्या कायद्यातील तत्त्वाची ही छाया आहे : पुन्हा लग्न करणारी स्त्री पूर्वीच्या पतीच्या नावे मिळणारा आधार गमावते. विवाहाऐवजी नुसते सहजीवन पत्करण्याकडे अनेक ज्येष्ठ स्त्रियांचा कल दिसतो, त्यामागे धाडसापेक्षा हा हिशेब अधिक असावा. विवाहसदृश संबंधातील स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने काही संरक्षण दिले असले, तरी सहजीवनातील जोडीदार पतिपत्नीप्रमाणे वारस ठरत नाही. चांगल्या मध्यस्थाने या गोष्टी शुल्क घेण्यापूर्वी दोघांनाही स्पष्टपणे सांगणे, हे त्याच्या सेवेचे खरे मोल ठरेल.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) तिन्ही नाटकांत मध्यस्थ मोबदल्यासाठी काम करतो, परंतु मोबदल्याचे स्वरूप भिन्न आहे. फ्रोझीन शब्दांचे दाम मागते, भद्रेश्वर मुलीच्या किमतीवर आपला लाभ साधतो, डॉली मोबदल्याच्या व्यवहारातून स्वतःचे जीवन परत मिळवते. मोबदला असणे हा दोष नसून तो कशाचा आहे, हा निकष आहे.

(२) 'संगीत शारदा'तील अन्याय वृद्धाच्या विवाहेच्छेत नसून पर्यायशून्य समाजरचनेत आणि संमतीच्या अभावात आहे. नाटकाची गाठ शारदेच्या नकाराने न सुटता गोत्राच्या मुद्द्यावर सुटत असल्याने हा भेद प्रेक्षकमनात पुरेसा ठसला नाही.

(३) प्रौढ विधवेला इच्छा आणि निर्णयशक्ती असलेली व्यक्ती म्हणून रंगमंचावर आणताच उत्तरवयीन विवाहाचा नाट्यार्थ बदलतो, हे 'द मॅचमेकर'वरून दिसून येते.

(४) आजच्या सशुल्क व्यवस्थेचे मूल्यमापन वराच्या वा वधूच्या वयावरून न करता, दोघांनाही समान माहिती आणि नकाराचा समान अधिकार आहे की नाही, यावरून झाले पाहिजे.

'शारदा' यापुढेही शिकवली जाईल आणि शिकवली जावी. भुजंगनाथाच्या प्रवेशाला वर्ग हसेल, त्यालाही हरकत नाही. देवलांना ते हसू हवेच होते. त्यानंतर मात्र शिक्षकाने क्षणभर थांबून, आपण नेमके कशाला हसलो, हे वर्गाला विचारावे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला वर्गातच उत्तर देण्याची सुरुवात तेथून करता येईल.